आत्याच्या खुब्याची लकाकी

आत्याने शेवटी खुबा बदलून घेतला, तोही खडबडीत, आणि हल्ली ती जिना अशा तोऱ्यात उतरते की खालच्या मजल्यावरची मंडळी आपापली दारं लोटून घेतात.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काहीही झालेलं नाही. आत्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी खुर्चीत बसली आहे, ऑपरेशनला तिचा साफ नकार आहे, आणि समोर बसलेल्या भाच्याचं चहाकडे लक्ष नाही. चहात त्याने एक बिस्किट बुडवलं होतं. त्याचं पुढे काय झालं, हे त्याला ठाऊक नाही.

"शेवटचं सांगते," आत्या म्हणाली. शेवटचं ती रोजच सांगत होती. "माझ्या अंगात जी वस्तू जाणार ती चकचकीत पाहिजे. घासलेली, पुसलेली, तोंड दिसेल अशी. तुमच्या कारखान्यातला तो खरखरीत खिळा मी पायात घालून घेणार नाही."

"खिळा नाही आत्या, दांडा. आणि पायात नाही, मांडीच्या हाडात."

"म्हणजे आणखीच आत! तिथे कोण जाणार पुसायला?"

भाच्याने चहाचा कप पुढे ओढला. त्याने चमच्याने बिस्किटाचा शोध सुरू केला.

आत्याला समजून घ्यायचं तर तिची मोटर समजून घ्यावी लागेल. आत्याने सगळी नोकरी एका कप आणि ढाली विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, पॉलिशच्या चाकापुढे काढली. शहरात ज्याने ज्याने म्हणून कप जिंकून डोक्यावर धरला, त्याच्या आधी त्या कपात आत्याचं तोंड दिसून गेलेलं होतं. ती निवृत्त झाली तेव्हा दुकानाने तिला शाल, घड्याळ वगैरे न देता तिच्या चाकाची मोटर चाकासकट देऊन टाकली. दुकानाला वाटलं, आठवण राहील. आत्याला वाटलं, काम घरी आणायचं आहे.

तेव्हापासून बाल्कनीत मोटर आणि मोटरीपुढे आत्या. घरातले नळ झाले, कड्या झाल्या, शेजाऱ्यांची घंटा झाली. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या सायकलची घंटा त्यांना न विचारताच झाली आणि ती वाजेनाशी झाली, पण चमकायची अशी की लोक आपोआप बाजूला व्हायचे. बाहेरच्या दाराची गोल मूठ तर आत्याने इतकी घासली की ती कुणाच्या हातात राहीना. फिरवायला जावं तर बोटं नुसती तिच्यावरून फिरून परत यायची. म्हणून दाराशेजारी खिळ्याला एक फडकं टांगलेलं असे. घरात येणाऱ्याने फडक्याने मूठ धरायची, फिरवायची, फडकं परत टांगायचं. नवखा पाहुणा असला तर तो जिन्यातच थांबायचा आणि घरात कुणी नाही असं समजून निघून जायचा. आत्याला याची खंत नव्हती. "ज्याला मूठ धरता येत नाही, त्याच्याशी बोलायचं तरी काय?"

अशा घरात, लहानपणापासून आत्याच्या हाताखाली वाढलेल्या भाच्याने नोकरी धरली ती धातूची लकाकी घालवण्याची.

कारखान्यात झिजलेल्या खुब्याच्या जागी बसवायचे सांधे बनत. टायटॅनियमचा दांडा पलीकडच्या मशीनवरून गुळगुळीत होऊन भाच्याच्या खात्यात येई. भाचा काचेच्या बंद पेटीत हातमोज्यांतून हात घालून त्याच्यावर बारीक, कडक, पांढऱ्या भुकटीचा फवारा मारी. दांडा राखाडी, मंद, पावसाळी आभाळासारखा होई. उरलीसुरली चमक ॲसिडची टाकी घालवी. मग धुणं, मग वाळवणं, मग पुढची तपासणी. या सगळ्यात उघड्या बोटाने कुणी दांड्याला हात लावायचा नाही, कारण बोटाचं तेलसुद्धा हाडाला चालत नाही. इतका लाड करून शेवटी वस्तू खरखरीत ती खरखरीतच.

आत्याने शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं की भाचा बँकेत आहे. घरात मात्र ती त्याला खडबड्या म्हणे.

आणि आता आत्याचाच खुबा झिजला होता. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं, "दोन हाडांमधली गादी संपली आहे. आता हाडावर हाड घासतंय."

"घासतंय ना? मग चकचकीत झालं असेल," आत्या म्हणाली होती.

डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या. नवा सांधा किंवा ही खुर्ची, एवढंच त्यांनी सांगितलं. पुढच्या महिन्यातली एक तारीख रिकामी होती. बुधवारपर्यंत होकार कळवला तर ती आत्याची, नाहीतर पुढची पाळी कधी येईल ते सांगता येणार नव्हतं. हिवाळ्यापासून आत्या जिना उतरली नव्हती, दवाखान्यात गेली तीही खुर्चीसकट उचलून. खुर्चीची पाठ, शिवणयंत्र, फ्रिज, ओटा असे धरत धरत ती स्वयंपाकघरात पोचायची, आणि तिचा हात जिथे जिथे पडायचा तिथली कड उजळून निघाली होती. बाकीच्यांच्या घरात दुखण्याचा आवाज येतो. आत्याच्या घरात ते चमकायचं.

शनिवारी भाच्याला वाटलं, बोलून काही होणार नाही, दाखवलं पाहिजे. त्याच्या खात्यात काचेच्या कपाटात एक दांडा ठेवलेला असे. तो खात्याचा नमुना. रोज सकाळी पहिला माल त्याच्याशी ताडून बघायचा, खडबडीतपणा एवढा हवा, याहून कमी नको, जास्त नको. या नमुन्यावर खात्याच्या साहेबांचा फार जीव होता. साहेबांना सगळे मायक्रॉनसाहेब म्हणत, कारण ते जगातली प्रत्येक गोष्ट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजत. "दोन कोटी मायक्रॉन लांब उभा राहून काय बोलतोस? जवळ ये," असं ते खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला म्हणत, आणि हिशेब बरोबर असे. साहेबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून भाच्याने त्यांचा वेळ वाचवला आणि नमुना डबीत घालून घरी आणला.

आत्याने चष्मा लावला. डबी उघडली. बोट पुढे केलं.

"हात नको लावूस!" भाचा सवयीने किंचाळला.

"का? चावतो?"

"नाही... लाव. घरी आहे आता."

आत्याने नखाने दांड्यावर ओरखडून पाहिलं. मग तिने चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, हा तर अर्धवट राहिलाय."

"अर्धवट नाही, असाच असतो. हाड त्याच्या खाचांमध्ये वाढतं आणि त्याला धरून बसतं. खाचा आम्ही मुद्दाम करतो."

"मुद्दाम," आत्या म्हणाली. डॉक्टर एखाद्या रोगाचं नाव उच्चारतात त्या सुरात. मग तिने डबी टेबलावर ठेवली. "राहू दे इथे. मी विचार करते."

भाच्याला इतका आनंद झाला की रविवारी सकाळी तो बाजारहाट करायला गेला, वाटेत केसही कापून आला आणि परत येताना आत्याच्या आवडीचा पाव घेऊन आला. मोटरीचा आवाज जिन्याच्या तळाशीच ऐकू आला. कुणीतरी कुठला तरी कप उजळायला आणून दिला असेल, असं त्याला पहिल्या मजल्यापर्यंत वाटलं. दुसऱ्या मजल्यावर तो दोन-दोन पायऱ्या चढू लागला. तिसऱ्यावर त्याने दाराची मूठ धरली आणि बोटं नुसती फिरून परत आली.

खिळ्यावर फडकं नव्हतं. फडकं कामावर होतं.

त्याने घंटा वाजवली. मोटरीपुढे घंटेचं काय चालणार? त्याने हाका मारल्या. शेजारीणबाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "काय झालं? रविवारीही बँक होती का?" तो हो म्हणाला. मग दाराला कान लावून त्याने थोडा वेळ आपली नोकरी चकचकीत होताना ऐकली. शेवटी त्याने बूट काढला, मोजा काढला, मोज्याने मूठ धरली आणि दार उघडलं.

बाल्कनीत आत्या स्टुलावर बसली होती. गालाला काळं लागलेलं, डोळ्यांत हिवाळ्यापासून न दिसलेली चमक. तिच्या हातात दांडा होता, आणि दांड्यात आत्या होती. दोन्ही स्पष्ट दिसत होत्या. टोकाशी दांडा सोनेरी झाला होता, सोनेरीच्या पुढे जांभळा आणि अगदी शेवटी निळा.

"काय हट्टी धातू आहे रे!" आत्या कौतुकाने म्हणाली. "पितळ लगेच ऐकतं. चांदी तर आधीच मान टाकते. याच्यावर पॉलिशचे कागद झिजले, चाकाचं कापड झिजलं. मी म्हटलं, बघू कोण आधी दमतं."

"कोण दमलं?"

"मोटर. मधे तिला वारा घातला."

"आणि हे रंग?"

"मी नाही लावले. तापला आणि त्याचे त्याने काढले. लाजला असेल बिचारा, पहिल्यांदाच कुणीतरी नीट बघितलं." तिने दांडा उजेडात फिरवला. "हे बघ, असा असेल तर मी उद्या ऑपरेशनला तयार आहे."

भाचा खाली बसला. एका पायात मोजा, एक पाय उघडा. "आत्या, हा खात्याचा नमुना होता."

"होता काय? आहे की. आधीपेक्षा बरा आहे."

"सगळा माल याच्याशी ताडून बघतात."

आत्याने थोडा विचार केला. "मग उद्यापासून माल सुधारेल."

पण भाच्याच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने मोटर बंद केली. घरात एकदम शांतता झाली. "तुझे साहेब ओरडतील?"

"साहेब ओरडत नाहीत. मोजतात."

"मी येते उद्या. मी केलंय, मीच सांगणार. तू मधे तोंड घालायचं नाहीस."

"जिना कसा उतरशील?"

"उतरेन," आत्या म्हणाली. "तू फक्त पुढे चाल आणि मागे बघू नकोस."

सोमवारी आत्या जिना उतरली. बसून उतरली, एकेक पायरी, आणि बसल्या जागी कठडाही पुसत आली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाई कठड्यासाठीच निघाल्या आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली. पुसणंही थांबलं. भाचा भिंतीवरची वीजमीटरं वाचत उभा राहिला. सगळी मीटरं वाचून झाली तरी मागून आवाज येईना. मग आत्या म्हणाली, "चल, का थांबलास?" आणि दोघांनी असं दाखवलं की तोच थांबला होता.

कारखान्यात आत्याला चाकांच्या खुर्चीत बसवून टोपी, झगा आणि बुटांवर पिशव्या घालायला लावल्या. हे तिला आवडलं. "एवढं सगळं करून वस्तू खरखरीतच?" एवढंच तिने विचारलं.

मायक्रॉनसाहेबांनी डबी उघडली. डबीकडे बघितलं. भाच्याकडे बघितलं. परत डबीकडे बघितलं, तर आतून साहेबच साहेबांकडे बघत होते. त्यांनी दांडा खडबडीतपणा मोजायच्या यंत्राखाली ठेवला. यंत्राने जो आकडा दाखवला तो पाहून साहेबांनी यंत्राला टिचकी मारली. यंत्राने तोच आकडा परत दाखवला.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"हो. भाच्याला बोल लावू नका. त्याला एवढं जमायचं नाही."

"तुमच्या खुब्यात असाच दांडा हवाय, असं हा म्हणतो."

"असाच. आणि खरखरीत घालणार असाल तर बुधवारी मी नाही कळवणार. डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा."

भाच्याने डोळे मिटले. साहेब मात्र रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर नवं मशीन आलेल्या माणसाचे भाव होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "घालून बघू."

त्यांनी दोन डबे मागवले. एका डब्यात मधोमध आत्याचा चकचकीत दांडा उभा केला, दुसऱ्यात त्या दिवशीचा ताजा खडबडीत. दोन्हींत सारखंच पातळ प्लॅस्टर ओतलं. प्लॅस्टर घट्ट होईपर्यंत सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत चहा घेतला. आत्याने बशीतल्या चमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की साहेबांनी तो उचलून खिशात ठेवला.

"आता ओढा," परत आल्यावर साहेब म्हणाले. "कुठलाही आधी."

आत्याने अर्थातच स्वतःचा निवडला. तिने डबा टेबलाच्या कडेला टेकवला, दांड्याचं डोकं धरलं, दात ओठ खाऊन ओढायला गेली आणि दांडा सुळकन बाहेर आला. इतका सहज, की भाच्याने मागून धरलं नसतं तर आत्या खुर्चीसकट पलीकडच्या खात्यात गेली असती. दांड्यावर प्लॅस्टरचा कणही नव्हता. आत्याचं तोंड त्यात अजून स्पष्ट दिसत होतं, आणि ते उघडं होतं.

मग दुसरा. आत्याने ओढला. भाच्याने ओढला. साहेबांनी बाह्या सावरून ओढला. टेबल सरकलं. दांडा नाही.

"हे नुसतं प्लॅस्टर, बाई," साहेब धापा टाकत म्हणाले. "हाड जिवंत असतं. आमच्या या दांड्याला डॉक्टर सिमेंट लावत नाहीत. हाडच हळूहळू त्याच्या खाचाखोचांत वाढत जातं आणि धरून बसतं. त्याला धरायला जागाच दिली नाही, तर ते तरी काय करणार?"

आत्याने रिकाम्या डब्यातल्या भोकात बोट घालून पाहिलं.

"प्लॅस्टर ओलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"दोन्ही डब्यांत सारखंच होतं. परत करू?"

आत्याने हातातला दांडा उलटसुलट करून पाहिला. निळ्या टोकावरून अंगठा फिरवला. "म्हणजे माझं पॉलिश इतकं उत्तम झालं, की प्लॅस्टरची याला हात लावायची हिंमत झाली नाही. असंच ना?"

"अगदी असंच," साहेब म्हणाले.

"आपल्या दाराच्या मुठीसारखं," भाचा म्हणाला.

"तू बोलूच नकोस. मोज्याने दार उघडणारा!" पण तिच्या आवाजात जोर नव्हता. ती डब्यात घट्ट बसलेल्या त्या दुसऱ्या, राखाडी दांड्याकडे बघत होती. हिवाळ्यापासून तिने जे जे धरलं ते ते, खुर्चीची पाठ काय नि फ्रिजची कड काय, हाताखाली गुळगुळीत होत सुटत चाललं होतं. इथे एक वस्तू होती जी तिघांनी ओढून सुटली नव्हती. "हट्टी आहे," ती पुटपुटली. "हा धातू मुळातच हट्टी आहे." आणि थोड्या वेळाने, "पण मग लकाकी कुठेच नाही का? अगदी कुठेच?"

साहेबांनी भाच्याला खूण केली. भाच्याने आत्याची खुर्ची ढकलत मार्गिकेपलीकडच्या खात्याच्या काचेपाशी नेली. तिथे दांड्याच्या टोकावर बसणारे गोळे तयार होत. हे गोळे खुब्याच्या वाटीत फिरायचे असतात, त्यामुळे त्यांच्यावर खरखर औषधालाही चालत नाही. तिथल्या ताईंनी हातमोज्याने एक गोळा उचलून काचेला लावला. आत्या पुढे वाकली. गोळ्यात आत्या दिसत होती, तिची टोपी दिसत होती, मागे भाचा, त्याच्या मागे दिवे, सगळी खोली वाकून आत येऊन बसली होती. आत्याने टोपीखालून बाहेर आलेली बट आत सारली.

"हा माझ्यात जाणार?"

"असाच एक."

"कोण करतं हे?"

"मशीन," ताई काचेमागून म्हणाल्या.

"मशीनला सांगा, बरं केलंय." आत्या मागे टेकली. "ठीक आहे. दांड्याचं तुमचं तुम्ही बघा. गोळा माझा."

होकार मंगळवारीच कळवला गेला, कारण बुधवारपर्यंत थांबलं तर आत्याला आणखी काहीतरी सुचलं असतं. मायक्रॉनसाहेबांनी भाच्याला एक कडक समज दिली आणि खात्यासाठी नवा नमुना करून घेतला. आत्याचा दांडा मात्र त्यांनी टाकला नाही. तो आता त्याच कपाटात वरच्या फळीवर आहे, खाली चिठ्ठी आहे: 'असे करू नये'. साहेब म्हणतात, करू नये ते इतक्या सुंदर रीतीने केलेलं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. आत्या तिथे जाऊन आली, चिठ्ठी वाचली आणि फक्त काच पुसली.

सुरुवातीला जे वाक्य तुम्ही वाचलं नव्हतं, ते आता वाचायला हरकत नाही.

ऑपरेशननंतरचा फोटो डॉक्टरीणबाईंनी उजेडावर धरला, तेव्हा करड्या हाडांच्या मधोमध दांडा आणि गोळा पांढरेशुभ्र उठून दिसत होते. "चकाकतोय!" आत्या म्हणाली आणि तिने तो फोटो मागून घेतला. तो आता खिडकीच्या काचेला लावलेला आहे. शेजारणींना ती सांगते, हा दांडा माझ्या भाच्याच्या खात्यातला. बँकेत असे दांडे का बनवतात, हे कुणी विचारलेलं नाही.

काही महिन्यांनी हाडाने दांडा पक्का धरल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आत्या काठी विसरून घरी आली. फक्त एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना. आपल्या घरात, म्हणजे घराहूनही आत, एक वस्तू आहे आणि तिच्यावरून फडकं फिरलेलं नाही. भाच्याने खूप समजावलं. शेवटी आत्याने कपाच्या दुकानाचा जुना छापील कागद काढला आणि त्याला सांगितलं, "लिही. आणि अक्षर तरी गुळगुळीत काढ."

मा. शल्यचिकित्सक, अस्थिरोग विभाग यांस,

विषय: उजव्या खुब्यातील गोळा वार्षिक पॉलिशसाठी बाहेर काढून मिळणेबाबत.

महोदया, वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे कळवते की, सदर सांधा उत्तम चालत असून त्याविषयी कोणतीही तक्रार नाही. तथापि बसवल्यापासून त्याची एकदाही पुसापुशी झालेली नाही. तरी वर्षातून एकदा, आपल्या सोयीच्या दिवशी, गोळा काढून अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावा. दांडा आहे तसा खडबडीत राहू द्यावा, त्यास अर्जदार हात लावणार नाही, याची हमी तिचा भाचा देत आहे. फडके अर्जदार स्वतःचे आणील. काम दुपारच्या चहापर्यंत पूर्ण करून गोळा परत करण्यात येईल. दरम्यानच्या काळात अर्जदारास ये-जा करण्यासाठी रुग्णालयाकडून एक तात्पुरता खुबा वापरावयास देण्यात यावा, चकचकीत असल्यास उत्तम, ही विनंती.